गाडी डावीकडे ओढते

"हा प्रश्न माझ्यावर सोडा!" चहाचा कप बशीत ठेवत साहेबांनी जाहीर केलं, आणि बाईंनी लगेच पदर खोचला. साहेबांवर सोडलेला प्रश्न आजवर कधी एकटा परत आला नव्हता. येताना चार भावंडं घेऊनच यायचा!

साहेब म्हणजे कुणी मोठे अंमलदार होते असं नाही. पाणीपुरवठा खात्यात फायली इकडच्या तिकडे करत त्यांची नोकरी सरली. खुर्ची गेली, पण 'साहेब' हे नाव जुन्या बरणीवरच्या लेबलासारखं चिकटून राहिलं. आत आता काय आहे हे लेबलाला कुठे ठाऊक असतं? बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या. निम्मी गल्ली त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठी झालेली, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई.

गाडी चालवायच्या त्याही बाईच. फार पूर्वी, दोघांच्याही केसांत काळा रंग स्वतःचा होता तेव्हा, ती दोघं बरोबरच ड्रायव्हिंग शिकायला गेली होती. बाई पहिल्याच फेरीत पास झाल्या. साहेबांनी परीक्षकाला वळणाचा नियम समजावून सांगितला, तोही खांबाला धडकल्यानंतर! त्या दिवसापासून साहेब शेजारच्या सीटवरून गाडी चालवू लागले. "अगं सायकल! अगं ब्रेक! हॉर्न दे की, तो काय वास देण्यासाठी बसवलाय?" बाई एका कानाने ऐकायच्या आणि दुसरा कान रस्त्यावर ठेवायच्या. संसार सरळ चालला होता.

आणि आता गाडीच डावीकडे ओढायला लागली.

"चाक अगदी सरळ धरलं तरी डावीकडे सरकते हो," बाई म्हणाल्या. "काल फळवाल्याच्या हातगाडीत शिरणार होते. तो बिचारा कलिंगड छातीशी धरून पळाला."

एवढ्यावर भागलं असतं. पण फळवाल्यापासून गल्लीत, गल्लीतून फोनवर आणि फोनवरून दुसऱ्या शहरातल्या चिरंजीवांच्या कानापर्यंत बातमी पोचली तेव्हा कलिंगडाचा माणूस झाला होता आणि माणूस इस्पितळात होता.

"आई, बास झालं," चिरंजीव म्हणाले. "या रविवारी येतो आणि गाडी विकून टाकतो."

"अरे, गाडी ओढतेय. मी नाही!"

"सगळे असंच म्हणतात, आई. ठीक आहे, मी स्वतः बसून बघतो. सरळ चालली तर ठेव. नाहीतर किल्ली माझ्या हातात."

बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ किल्लीची साखळी बोटाभोवती गुंडाळत बसल्या. "गाडी गेली की मी म्हणजे पिशवी," त्या हळूच म्हणाल्या. "कुणीतरी न्यायची, कुणीतरी आणून ठेवायची."

साहेबांना गलबलून आलं. त्यात खरी माया होतीच, पण थोडी भीतीही होती. दुपारी बाई गाडी घेऊन वाचनालयात, मैत्रिणींकडे जायच्या, आणि त्या वेळात साहेब घरात सुधारणा करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी धुलाई खातं आपणहून ताब्यात घेतलं होतं. पडदे, उशांचे अभ्रे, पायपुसणी, घरातलं आणि गाडीतलं जे जे सुटेल ते ते साबणात! बाई दिवसभर घरी बसल्या तर प्रत्येक बादलीवर देखरेख आली.

"अलाइनमेंट!" साहेब गरजले. "चाकांचा कोन चुकलाय. उद्या शोरूमला नेऊ. कंपनीची माणसं, कंपनीचं मशीन!"

"शोरूम?" दारातून आवाज आला. हे मामा. बाईंचे धाकटे बंधू. साहेबांनी पूर्व म्हटलं की मामांना पश्चिमेचा पुळका यायचा. फ्रीजपासून जावयापर्यंत घरातली प्रत्येक खरेदी या दोघांनी भांडून केली होती. "भाऊजी, शोरूमला गाडी नेणं म्हणजे शिंक आली म्हणून इस्पितळात भरती होणं! ते आधी अंगावरचे कपडे काढून घेतात, मग रोग शोधतात. आपला कोपऱ्यावरचा मिस्त्री बघा. नुसता चाकाला कान लावतो!"

"कान लावतो, कारण डोळे तंबाखू शोधण्यात गुंतलेले असतात!"

"तुमच्या शोरूमचं मशीन काय, बटण दाबेल त्याचं ऐकतं!"

"अरे, पुरे!" बाईंनी टेबलावर डस्टर आपटावं तसा हात आपटला. "मला मशीन नको आणि कान नको. फूल वर असताना गाडी सरळ गेली पाहिजे, बस्स!"

फूल म्हणजे स्टिअरिंगच्या कव्हरवरचं. गाडी आली त्या वर्षी बाईंनी लोकरीचं कव्हर विणलं होतं आणि त्यावर एक लाल फूल. नाकासमोर फूल, फुलासमोर रस्ता, अशी त्यांची शिस्त. हात नव्वद अंशांत. गणिताच्या बाई त्या!

दुसऱ्या दिवशी शोरूम. आत इतका गारवा होता की मामांनी सोबत येताना स्वेटर न आणल्याचा दोषही साहेबांना दिला. टाय बांधलेला एक तरुण हसत पुढे आला.

"वेलकम, सर! गाडीला काय त्रास होतोय?"

"डावीकडे ओढते."

"कधीपासून? सकाळी जास्त की संध्याकाळी?"

"पथ्य पण सांगा," मामा पुटपुटले.

गाडी आत गेली. काचेपलीकडे तिच्या सीटवर प्लास्टिक चढलं, लोकरीचं कव्हर निघालं, चारी चाकांना चकचकीत तबकड्या लागल्या. ही मंडळी काचेला नाक लावून अशी उभी, जणू आत बाळंतपण चाललंय. थोड्या वेळाने टायवाला रंगीत चित्र घेऊन आला. "आधी थोडं लाल होतं सर, आता सगळं हिरवं आहे. फोनवर मेसेज येईल. दहापैकी दहा द्या हं! नऊ दिले तर आम्हाला सुधारणा वर्गाला बसवतात."

साहेबांनी मामांकडे अशा नजरेने पाहिलं की मामांना खरंच थंडी वाजली.

बाईंनी फूल वर आणलं, गाडी सुरू केली, आणि पहिल्याच सरळ रस्त्यावर गाडी उजवीकडे निघाली! समोरून येणारा टेम्पोवाला देवाला हाक मारून बाजूला झाला. मागच्या सीटवर मामा इतके खूश झाले की मरणाची भीतीही विसरले.

गाडी परत शोरूमला.

"मॅडम," टायवाला हसू तसंच ठेवून म्हणाला, "आपली तक्रार डावीकडची होती ना? ती बंद झाली. उजवीकडची ही वेगळी तक्रार आहे. ती नव्याने नोंदवायची, पुढच्या आठवड्यात नंबर लागेल."

"पण रविवारी माझा मुलगा येतोय!"

"वा! त्यांच्या गाडीचं पण इथेच करून टाकू."

मग मामांचं राज्य आलं. मिस्त्री गॅरेजपुढे उलट्या डब्यावर बसला होता. त्याने गाडीकडे बघितलं, मान हलवली आणि सगळ्या मिस्त्रींच्या जन्माबरोबर येतो तो प्रश्न विचारला, "याला कुणी हात लावला?"

"शोरूमवाल्यांनी!" मामा आनंदाने ओरडले.

"तरीच. वाट लावली." मग त्याने चाकांच्या कडेने दोरा ताणला, एक डोळा मिटला, जमिनीवर आडवा झाला, उठला, पुन्हा आडवा झाला. साहेबांना वाटलं, हा व्यायाम चाललाय. तेलकट हात लागू नयेत म्हणून त्याने कव्हर काढून खिळ्याला लटकवलं, काहीतरी पिळलं, काहीतरी ठोकलं, हात पुसून कव्हर पुन्हा चढवलं. "घ्या. आता लोण्यातून सुरी."

लोण्यातून सुरी निघाली ती पुन्हा डावीकडे! आधी नुसती सरकत होती, आता माहेरची वाट दिसल्यासारखी धावली. फळवाल्याने लांबूनच ओळखलं आणि हातगाडी थेट दुकानाच्या पायरीवर चढवली.

"दोन दिवस चालवा," गाडी परत नेल्यावर मिस्त्री म्हणाला. "बसेल आपोआप."

"गाडी बसेल की आम्ही?" साहेब कडाडले. "मामा, हे तुमचे कान!"

"आणि हिरवं चित्र कुणाचं हो, भाऊजी? फ्रेम करून लावा दिवाणखान्यात!"

बाईंनी दोघांना गाडीत बसवलं. त्यांनी गाडी घरी आणली, डावीकडे खेचणाऱ्या पोराचा कान धरून आणावं तशी, आणि किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्या रात्रीच्या जेवणाला मीठ कमी होतं, पण सांगायची हिंमत दोघांपैकी कुणालाच झाली नाही.

रविवारी सकाळी चिरंजीव ठरल्या वेळेआधीच दारात उभे! साहेब अजून आंघोळीला गेले नव्हते. कशीबशी आंघोळ, हाताला येईल तो शर्ट, आणि धावत जाऊन ते मामांसोबत मागच्या सीटवर बसले. बाई पुढे, डावीकडे. त्या सीटवर त्या कधी बसल्याच नव्हत्या. पट्टा कुठून ओढायचा तेही त्यांना सापडेना.

चिरंजीवांनी स्टिअरिंगला हात लावला आणि तोंड वाकडं केलं. "आई, हे काय लोकरीचं? गुळगुळीत झालंय, हात घसरतोय." त्यांनी कव्हर ओढून काढलं आणि मागे फेकलं. ते साहेबांच्या मांडीत पडलं.

शाळेच्या मैदानाशेजारचा लांब सरळ रस्ता. गाडी निघाली. ना डावीकडे, ना उजवीकडे. गणवेशातली पहिल्या बाकावरची मुलगी जाते तशी सरळ! चिरंजीवांनी हात सैल सोडले. तरी सरळ.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "शोरूम!"

"दोरा!" मामा म्हणाले.

चिरंजीवांनी गाडी कडेला घेतली. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि मुलांचा आवाज असा मऊ झाला की आईबापांनी सावध व्हावं. "आई, गाडीत काहीच दोष नाही. म्हणजे... हात आता पूर्वीसारखे राहत नाहीत गं. वाईट वाटून घेऊ नकोस. किल्ली..."

मामा खिडकीबाहेर बघू लागले. बाई स्वतःच्या हातांकडे बघत होत्या, उलटे सुलटे करून. साहेबही त्याच हातांकडे बघत होते. या हातांनी किती पावसापाण्यातून, किती तापातल्या लेकराला घेऊन गाडी चालवली होती, आणि ते लेकरू आज किल्ली मागत होतं!

"उतर," बाई म्हणाल्या.

"आई..."

"उतर म्हटलं ना? मी फळ्याकडे पाठ केली तरी मागे कोण हसतंय ते मला कळायचं. माझे हात मला कळत नाहीत होय?"

चिरंजीव शाळेतल्यासारखे मुकाट्याने उतरले आणि वळसा घालून आईच्या जागेवर आले. बाई आपल्या जागेवर बसल्या. उघडं, काळं स्टिअरिंग धरलं. गाडी निघाली आणि त्याच रस्त्याने तशीच, रेघ मारल्यासारखी सरळ गेली. टोकाला जाऊन बाईंनी ब्रेक लावला. त्यांच्या कपाळावर गणित सुटताना पडायची ती आठी पडली.

"माझं फूल द्या इकडे."

साहेबांनी कव्हर पुढे दिलं. बाईंनी ते चढवलं, फूल मधोमध आणून ठेवलं, आणि पुन्हा तोच रस्ता. गाडी सरळ! मग थांबून त्यांनी कव्हर स्टिअरिंगवर जरासं फिरवलं. फूल वर धरायला गेल्या तर स्टिअरिंग आपोआप वळलं. गाडी डावीकडे.

"फूल सरकलं होतं," त्या म्हणाल्या. "चाक नाही. मी आपली फूल वर ठेवत होते आणि गाडी वळवत होते. शोरूमने काढून भलतीकडे बसवलं, मिस्त्रीने काढून तिसरीकडे."

"बघा, शोरूमवाले!" मामा म्हणाले.

"मिस्त्री!" साहेब म्हणाले.

"पण त्याच्या आधी?" बाईंनी आरशातून मागे बघितलं. वर्गातल्या शेवटच्या बाकावर जाते ती नजर. "दोघांनी हात लावायच्या आधीच गाडी ओढत होती. मध्यंतरी दोरीवर माझं फूल वाळत होतं, आठवतंय मला. मी म्हटलं, चला, माणूस कामाला लागला!"

साहेबांनी घसा साफ केला. "धुलाई नियमानुसारच झाली होती," ते म्हणाले. "बसवणीच्या कामात किंचित... म्हणजे खात्याचं काम धुण्यापुरतं असतं."

चिरंजीव इतके हसले की पट्ट्यात अडकले. किल्ली त्यांनी मागितली नाही. गाडीतच होती, आईच्या हाताखाली, तिथेच राहिली. फळवाल्यासमोरून जाताना बाईंनी मुद्दाम हॉर्न दिला, आणि त्या बिचाऱ्याने कलिंगड खाली ठेवून सलाम केला.

"तरीपण," साहेब हळूच म्हणाले, "एवढी सरळ चालतेय ती शोरूमच्या मशीनमुळेच."

"दोऱ्यामुळे, भाऊजी!"

"हे बघा, शास्त्र असं सांगतं की..."

"अहो," बाई आरशात बघत म्हणाल्या, "शास्त्र राहू द्या. आधी शर्ट बघा. सकाळपासून एक बटण डावीकडे ओढतंय. शोरूमला नेऊ की मिस्त्रीकडे?"