पाहुण्यांच्या खोलीतला पाशा

नवऱ्याने दुसरी बायको आणली असती, तर मी तिला दुपारच्या आत पळवून लावली असती! पण आमच्या अबू गैलाननी (अबू म्हणजे बाप, गैलान आमचा थोरला; म्हणून मी उम्म गैलान) मासा आणला. दजला नदीतला, बिझ जातीचा, तेव्हा बोटाएवढा. नाव ठेवलं पाशा. चार वर्षांत पाशा माझ्या कमरेपर्यंत पोचेल एवढा झाला, न्हाणीघरातल्या टबात ऐसपैस पसरला, आणि घरातली माणसं बादलीने अंग धुवायला लागली. त्याला खायला जिवंत मासळी लागे. शेजारणीचे दोन सोनेरी मासे सोबतीला म्हणून सोडले, तर त्याने सोबत तीन सेकंदांत गिळली! आणि अबू गैलान? माणसांशी बोलायचं म्हटलं की यांच्या तोंडात खजूर अडकतो. पाशाशी मात्र तासन् तास गप्पा!

त्यात माझ्या लेकीला, सुहादला, मागणी आली. शुक्रवारी नमाजानंतर मुलाच्या कुळाचे वडील हाजी मुतशर आठ वडीलधाऱ्यांना घेऊन येणार होते. सुहादला मुलगा आवडला होता आणि मला त्याची आई. या दोन गोष्टी एकदम जुळल्याचं आख्ख्या बगदादमध्ये कुणी ऐकलं नसेल! हे लग्न मी मोडू देणार नव्हते.

पण नऊ पाहुणे हात धुवायला न्हाणीघरात जाणार, आणि टबातून हा राक्षस जबडा वासून बघणार?

"गच्चीवर टाकीत ठेवू या," मी म्हटलं.

"या उन्हात? त्याचं सार होईल!" अबू गैलान म्हणाले.

थंड खोली घरात एकच, पाहुण्यांची. मी तिथल्या तिथे ठरवलं. कोपऱ्यात हौद बांधायचा, असा देखणा की पाहुण्यांना वाटावं, खानदानीच घर! तिसरीत शाळा सोडली म्हणून काय झालं? चार पोरं आणि एक नवरा मी फूटपट्टीशिवाय सरळ केलेत.

कोपऱ्याच्या दोन भिंती आयत्या मिळाल्या. उरलेल्या दोन बाजूंना माझ्या लग्नातल्या कपाटाची दारं लावली, आरसे बाहेरच्या बाजूला. आत ट्रकवरची ताडपत्री. पाणी फिरवायला जुन्या कूलरचा पंप, गाळायला पिंपात खडी आणि खजुरीच्या झाडाचा काथ्या.

"अगं, मधोमध लोखंडी पट्टा आवळ," अबू गैलान म्हणाले. "पाणी बाहेर रेटतं."

"आरशावर पट्टा? माझ्या हौदाची कंबर धरलीय का?"

ते उठून पाशाला गाऱ्हाणं सांगायला गेले. नेहमीसारखे.

शुक्रवारी पाहुणे आले. मी आणि सुहाद दाराच्या फटीला डोळे लावून उभ्या. कॉफी दिली. हाजी मुतशरनी रिवाजाप्रमाणे पेला न पिता समोर ठेवला आणि म्हणाले, "अबू गैलान, आम्ही तुमची सुहाद मागायला आलोय. होकार द्या, मगच घोट घेऊ."

आता यांनी एवढंच म्हणायचं होतं, "मुलगी तुमचीच, कॉफी घ्या." तीन दिवस पाठ करून घेतलं होतं मी! यांनी तोंड उघडलं, आणि पाशाने फाडकन शेपटी आपटली.

हाजी वळले. बघतात तो काय, हौदात जिवंत बिझ! त्यांचा चेहरा उजळला. नदीकाठच्या खानावळीत असाच हौद असतो. पाहुण्याने बोट दाखवायचं, मासा थेट विस्तवावर.

"वा, अबू गैलान! आमच्यासाठी जिवंत आणून ठेवलात? पाहुणचार असावा तर असा!" आणि त्यांनी बोट दाखवलं. "हाच!"

अबू गैलान पिठासारखे पांढरे पडले. पाहुण्याने बोट दाखवलंय आणि यजमान गप्प! आठही म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. एकाने तर चपला शोधायला पाय लांब केला.

"आई, हे उठून चालले गं," सुहादने माझा दंड चिमटला.

"गप! माशापायी तुला लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवणार नाही मी!"

डोक्यावरची ओढणी आवळली, मेजावरची पांढरी चादर उचलली आणि पुरुषांच्या बैठकीत शिरले.

"हाजी, मासा तुमचा!"

"उम्म गैलान, नको!" यांना कंठ फुटला, तोही माशासाठी!

मी हौदात वाकले, पाशाला चादरीत गुंडाळलं. त्याने अशी उसळी मारली की मी सगळ्या वजनानिशी कपाटाच्या दारावर आदळले. माझं वजन किती, ते इथे सांगायचं कारण नाही. दार उघडलं! कपाटाचं दार ते, उघडायचंच की! (पट्टा हवा होता. हे इथे लिहितेय, घरात बोललेले नाही.)

लाटेने गालिचा उचलला, पेले नेले. म्हातारे कोंबड्यांसारखे कोचांवर चढले. पाशा सगळ्यांच्या दाढ्यांना शेपटीने पाणी पाजत फिरतोय! हाजी मुतशरनी आपला पेला तेवढा हातात उचलून धरला होता. पाशा त्यांच्या मांडीवर आदळला, आणि घाबरलेला माणूस समोर असेल ते पितो तशी हाजींनी ती कॉफी घटकन पिऊन टाकली!

अबू गैलाननी पाशाला कवटाळलं आणि न्हाणीघराकडे धूम ठोकली. बाकी सगळे मात्र रिकाम्या पेल्याकडे बघत राहिले.

"हाजी," त्यांचे भाऊ कुजबुजले, "होकार मिळाला नव्हता."

हाजींचे कान लाल झाले. मागणी घालायला आलेला कुळाचा वडील होकाराआधी कॉफी प्यायला! ही गोष्ट गावात गेली असती, तर त्यांना कुठल्याच लग्नात पुढे बसता आलं नसतं.

मी घोटाभर पाण्यात उभी. ओढणी सारखी केली.

"होकार मिळाला की, हाजी! यांनीच दिला. पाण्याच्या आवाजात ऐकू आला नसेल."

हाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुडणारा होडीकडे बघतो. "हो, हो! मीही ऐकला!" ते म्हणाले. "आणि मासा राहू दे हं. मला काट्यांचा त्रास आहे."

लग्न ठरल्याचा फातिहा वाचला गेला, तोही कोचांवर पाय घेऊन. स्वयंपाकघरातून सुहादच्या मावशीने आनंदाची ललकारी दिली. सरबत फिरलं.

पाहुणे गेल्यावर न्हाणीघरात गेले. टबात पाशा, आणि त्याच्या शेजारी, लग्नकार्यासाठी शिवलेल्या नव्या कोटासकट, अबू गैलान.

"सुहादचं जमलं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"जमलं! आणि तुम्ही तोंड उघडलं नाहीत म्हणूनच जमलं. तेव्हा लग्नाच्या दिवशीही इथेच बसायचं, याच्या शेजारी, याच्यासारखंच मुकाट!"