सासूबाई वर, बिअर खाली

सिद्धेश बर्वे घरात बिअर बनवायला लागला तो थंडीमुळे. अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये जानेवारीत अंगणात गॅसची शेगडी पेटवून उभं राहिलं, तर बिअर व्हायच्या आधी माणूस गोठायचा, आणि ती शेगडी घरात पेटवणं धोक्याचं. म्हणून २००७च्या हिवाळ्यात त्यानं तळघरात विजेची सोय केली. खाली एक हॉट प्लेट, आणि वरून पातेल्यात सोडायला, गुरांचं पाणी गोठू नये म्हणून मिळतो तसला एक रॉड. दोन्ही मिळून मोठं पातेलं बऱ्यापैकी उकळायचं.

अडचण सासूबाईंची होती. शोभनाताई सांगलीहून हिवाळाभर राहायला आल्या होत्या, आणि लग्न ठरवताना त्यांना 'मुलाला सुपारीचंही व्यसन नाही' असं सांगण्यात आलं होतं.

"आईला तळघरात येऊ देत नाही, ते मी बघते," ज्ञानदा म्हणाली होती. "पण तिला कळलं तर तुझं तू निस्तर."

त्या शनिवारी ज्ञानदा ग्रोसरीला गेली आणि सिद्धेश खाली उतरला. रॉड आणि हॉट प्लेट एकाच सर्किटवर लावली की ब्रेकर पडायचा. म्हणून त्यानं एक लांब वायर जिन्यावरून वर नेली आणि स्वयंपाकघरात मिक्सरशेजारच्या सॉकेटमध्ये रॉड लावला. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं गोड पाणी तासाभरात उकळायला लागलं. बिअरला कडूपणा आणणाऱ्या हॉप्सच्या हिरव्या गोळ्या हातात घेऊन तो उभा राहिला, तेवढ्यात उकळी बसली.

त्यानं रॉड हलवून पाहिला, ब्रेकर पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. त्यानं हातातल्या गोळ्या टाकल्या, निदान आहे ती ऊब टिकावी म्हणून पातेल्यावर झाकण ठेवलं आणि सॉकेट बघायला वर गेला.

शोभनाताई वाटीत चटणी काढत होत्या.

"आई, इथली वायर कुणी काढली होती का?"

"मीच. खोबरं वाटायचं होतं. आता लावली हो परत."

"कधी?"

"झाली की पाच-दहा मिनिटं. खालून तुमच्या त्या विजेच्या पेटीची खटखट ऐकू येत होती ना, तेव्हाच."

सिद्धेश धावला. तो जिन्यावर असतानाच पातेलं उतू गेलं. हिरवा फेस झाकण उचलून तापलेल्या हॉट प्लेटवर सांडला, साखरेचं पाणी करपलं, धूर झाला आणि घरातले सगळे अलार्म एकदम कोकलायला लागले.

अलार्म कंपनीचा लगेच फोन आला. शोभनाताईंनी उचलला. पलीकडची बाई भराभर काय बोलली, त्यातलं 'फायर' तेवढं त्यांना कळलं.

"नो फायर, ओन्ली स्मोक," त्या ठामपणे म्हणाल्या. "माय जावई इज इन द बेसमेंट."

धुरात कुणीतरी अडकलंय, असं कंपनीनं धरून चाललं. ज्ञानदा मेथीच्या जुड्या घेऊन परतली तेव्हा दारात अग्निशमन दलाची लाल गाडी होती, आणि समोरचे शेजारी जाड कोटांत गुरफटून बर्फात उभे होते.

एक धिप्पाड जवान तळघरात गेला. थोड्या वेळानं तो हसत वर आला. त्याच्यामागून सिद्धेश आला, गुडघ्यापर्यंत चिकट झालेला.

"झाकण ठेवायचं नाही कधी," जवान त्याला समजावून सांगत होता. "मी पण करतो घरी. बाकी वास फर्स्ट क्लास आहे. मस्त होणार तुझी बिअर."

तो इंग्रजीत बोलत होता, पण शेवटच्या शब्दाला भाषांतर लागलं नाही. शोभनाताई खुर्चीवर बसल्या. अलार्म थांबले, गाडी गेली, तरी त्या उठल्या नाहीत. ज्ञानदा मेथी निवडायला लागली.

"आई, मी सांगणारच होतो," सिद्धेश म्हणाला. "आवड आहे म्हणून करतो. पितो अगदी थोडी."

"म्हणजे खाली तुम्ही बिअर करता?"

"हो."

"आणि रोज सकाळी गाडी घेऊन जाता, ते ऑफिसलाच जाता?"

"ऑफिसलाच. का?"

"नोकरी आहे तुमची?"

"आहे की."

शोभनाताईंनी डोळ्यांना पदर लावला.

"अहो, टीव्हीवर रोज दाखवतात, तुमच्या त्या मोटारीच्या कंपन्यांनी इतके काढले, तितके काढले. त्या पलीकडच्या मंजुषाच्या नवऱ्याला काढलं. तुम्ही सुट्टी आली की दार लावून तळघरात बसता, ही मला खाली जाऊ देत नाही, दोघं कुजबुजता. मला वाटलं, नोकरी गेली आणि तुम्ही खाली बसून अर्ज करताय. तोंडात घास जात नव्हता माझ्या."

"अगं, मग विचारायचं ना," ज्ञानदा म्हणाली.

"जावयाला असं कसं विचारू? त्यांना काय वाटलं असतं?"

त्यांनी पदरानंच चेहरा पुसला आणि सिद्धेशला चटणी-पोळी वाढली. एवढ्यावर निभावलं म्हणून तोही निवांत जेवला.

संध्याकाळी तो लादी पुसून वर येत होता. सांगलीत सकाळ झाली होती आणि शोभनाताई यजमानांशी फोनवर बोलत होत्या. सिद्धेश जिन्यावरच थांबला.

"काही काळजी करू नका हो. नोकरी शाबूत आहे. सिद्धेशराव तळघरात दारू गाळतात, बाकी काही नाही." त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "हो, हो, कळवा ना. सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता, सगळ्यांना कळवा."