काकांच्या तोंडातला सांगाडा

डॉक्टरीणबाईंनी सांगाडा दुसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा पॉलिशकाकांनी पुडी उघडूनसुद्धा पाहिली नाही. पडलेल्या दातांच्या जागी काढता-घालता येणारे दात बसवायचे, तर आधी धातूचा सांगाडा लागतो. त्याचे आकडे शाबूत दातांना धरतात, मग त्यावर नवे दात चढतात. असे सांगाडे ओतून, घासून आरशासारखे चकचकीत करण्यात काकांची तीस वर्षं गेली होती. माणसाच्या तोंडाशी मात्र त्यांचा कधी संबंध आला नव्हता. बाई माप घेत, त्यावरून प्लास्टरचा जबडा तयार होई, आणि काकांचं सगळं जग त्या जबड्यावर सुरू होऊन तिथंच संपे.

"प्लास्टरवर चपखल बसतंय," त्यांनी बाईंना फोनवर सुनावलं. "तोंडात बसत नसेल तर माप चुकलं तुमचं. नाहीतर जरा जोर लावा."

बाईंनी शांतपणे सांगितलं, की संध्याकाळपर्यंत नवा करून द्यायचं कबूल करा, नाहीतर उद्यापासून माझी कामं दुसरीकडे जातील. काकांकडचं निम्मं काम बाईंचंच होतं. पण पडलो तरी नाक वर, हा काकांचा बाणा.

त्यात गंमत अशी, की काकांच्या स्वतःच्याच खालच्या जबड्यात तीन दात नव्हते. काकू वर्षभर ऐकवत होत्या, की जगाला दात देता आणि स्वतः सगळं दुधात बुडवून खाता. शेवटी आठ दिवसांपूर्वी काकांनी आरशासमोर उभं राहून स्वतःचं माप स्वतःच घेतलं, जबडा केला, सांगाडा ओतला. घरचं काम म्हटल्यावर हौसेला मोल नाही. सांगाडा बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरायचा, प्लास्टरवर चढवायचा, डोळे बारीक करून बघायचा, काढायचा, पुन्हा बफवर. दूधवाल्याला दाखवला, शेजाऱ्याला दाखवला, मेहुणा आला तर त्याला तीनदा दाखवला. दर वेळी चढव आणि काढ. पहिल्या दिवशी तो जरा अडत होता. चौथ्या दिवशी पायात जुनी चप्पल सरकावी तसा बसू लागला, आणि काका स्वतःवरच खूश झाले.

बाईंचा फोन ठेवल्यावर ते तणतणत स्वयंपाकघरात आले. "प्लास्टरवर बसलं की तोंडात बसलंच पाहिजे. बघ आता." आणि काकूंच्या समोर त्यांनी आपला सांगाडा तोंडात घातला.

तो अर्ध्यावर अडला. काकू बघत होत्या, त्यामुळे माघार घेणं शक्य नव्हतं. काकांनी आपलाच सल्ला मानला आणि जोर लावला. टक्क झालं. बसला. काका विजयानं हसले, आणि मग काढायला गेले.

सांगाडा हलेना. बोटानं ओढून झालं, चमच्याच्या दांड्यानं उचकटून झालं. मग काकांनी आकड्याखालून दोरा ओवला आणि दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलं. पण काकूंनी दार लोटायला साफ नकार दिला.

"दारामागं माणूस जाईल, सांगाडा आहे तिथंच राहील. काम तुमचंच आहे ना?"

राहता राहिल्या डॉक्टरीणबाई. काकांनी खुणा करून करून बजावलं, की एका ओळखीच्या माणसाला अडचण आलीय, एवढंच सांग. काकूंनी मान डोलावली आणि फोन लावला.

"बाई, आमच्या ह्यांच्या तोंडात ह्यांचंच काम अडकलंय."

काका काकूंसोबत दवाखान्यात गेले ते पुरावा म्हणून प्लास्टरचा जबडा काखेत मारूनच. बाईंनी दोन बाजूंनी हलकेच उचलून अर्ध्या मिनिटात सांगाडा बाहेर काढला. काका टोमण्याची वाट बघत राहिले. बाईंनी नुसता हात पुढे करून जबडा मागितला आणि सांगाडा त्यावर ठेवला. तो अलगद बसला.

"चपखल बसतोय की," बाई म्हणाल्या.

"माप चुकलं असेल," सवयीनं काकांच्या तोंडून निघून गेलं.

"कुणी घेतलं होतं?"

काकू छताकडे बघू लागल्या. बाईंनी सांगाडा उलटा केला. आतल्या बाजूला पांढरी भुकटी चिकटली होती. मग त्यांनी प्लास्टरच्या एका दातावर नख फिरवलं. दाताची कड घासून गुळगुळीत झाली होती.

"किती वेळा चढवलात?"

"मी मोजायचं मंगळवारीच सोडलं," काकूंनी सांगितलं.

काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सांगाडा काही जबड्यावर बसला नव्हता. जबडाच बिचारा झिजून झिजून सांगाड्याला शरण गेला होता. आणि बाईंच्या पेशंटच्या सांगाड्याचंही त्यांनी असंच चढव-काढ करत कौतुक केलं होतं. आजवर चूक ढकलायला समोर कुणीतरी असायचं. आज सांगाडा त्यांचा, माप त्यांचं, तोंडही त्यांचंच.

"बाई, चूक माझी," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या पेशंटचा जबडा नवा पाठवा. त्यावर एकदाच चढवीन, देवाशपथ."

"आणि तुमच्या दातांचं काय?"

काकांनी बराच विचार केला.

"माझं माप ह्या वेळी तुम्ही घ्या," ते खुर्चीत मागे टेकत म्हणाले. "उद्या नाही बसलं, तर भांडायला कुणीतरी नको का?"