आधी शून्य दाखवा

काटा खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस. वजनमापे निरीक्षकांचं हे एकवीस वर्षांचं मत होतं आणि ते त्यांनी शेकडो दुकानदारांना तोंडावर ऐकवलं होतं. त्या मंगळवारी सकाळी सहा वाजता ते स्वतःच्या बाथरूममध्ये गुडघे टेकून बसले होते आणि घरच्या वजनकाट्याखालची शून्य जुळवायची चकती एक दात मागे फिरवत होते.

इतक्या सरळ माणसावर ही वेळ एका सुईमुळे आली.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढणं हे चांगलं लक्षण नसतं, एवढं निरीक्षकांना इतक्या वर्षांच्या मधुमेहानंतर कळत होतं.

"तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर गेलीय. गोळ्यांनी आता भागत नाही. इन्सुलिन सुरू करू."

"ते प्यायचं असतं ना?"

"टोचायचं असतं. रोज."

निरीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. नुसतं रक्त तपासायला द्यायचं तरी त्यांना आडवं व्हावं लागे आणि बायकोला त्यांचा हात धरावा लागे. नुसता धरून चालत नसे, दाबून धरावा लागे.

"दुसरं काही नाही का?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"एक आहे. बारा आठवडे जेवण बंद. दिवसाला चार शेक. पाकीट फोडायचं, पाण्यात घुसळायचं, प्यायचं. एकात दोनशे कॅलरी. दहा-बारा किलो उतरले तर पुष्कळांची साखरही उतरते. तोवर गोळ्या बंद करू, मी लक्ष ठेवीन. पण यात लबाडी चालत नाही हं."

"लबाडी?" निरीक्षक दुखावले. "डॉक्टर, लबाडी पकडणं ही माझी नोकरी आहे."

आणि ते सिद्ध करण्यासाठी ते उठून दवाखान्यातल्या काट्यापाशी गेले, वाकले आणि म्हणाले, "यावरचा तपासणीचा शिक्का मागच्या वर्षीचा आहे. आधी शून्य दाखवा."

रिकामा काटा शून्याच्या अर्धा किलो पुढे उभा होता. निरीक्षकांनी तो तिथल्या तिथे बाद केला. "पहिली गोष्ट शून्य. रिकामा काटा शून्यावर नसेल तर पुढचं सगळं खोटं," त्यांनी डॉक्टरीणबाईंना समजावलं.

"मग तुमचं वजन कशावर करू?"

"आमच्या घरी काटा आहे."

"बरं. घरी करा आणि दर रविवारी फोन करून कळवा." मग त्यांनी सोबत आलेल्या निरीक्षकांच्या बायकोकडे पाहिलं. "यांनी नको. तुम्ही कळवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक घरच्या काट्यावर चढले. चष्मा काढलेला आणि मध्ये पोट, त्यामुळे आकडा वाचण्याचं काम बायकोचं होतं.

"शहाण्णव!" बायको ओरडली.

"छे! मी नेहमी ब्याण्णवच्या आसपास असतो."

"मग काटा खोटं बोलतोय का?"

निरीक्षकांनी पहिला शेक प्यायला. व्हॅनिला, चॉकलेट आणि स्ट्रॉबेरी असे तीन प्रकार होते. रंग तीन होते, चव एक.

दोन दिवस ते अक्षरशः शेकवर जगले. तिसऱ्या दिवशी एका बेकरीची तपासणी आली. तपासणीची रीत अशी, की बिस्किटांची पाच पाकिटं फोडायची आणि आतल्या मालाचं वजन करायचं. ते बरोबर भरलं. फोडलेली पाकिटं टेबलावर पडून होती आणि त्यांना लोण्याचा वास येत होता.

"साहेब, आता हे विकता येत नाही," बेकरीवाला म्हणाला. "याचं काय करू?"

"नष्ट करावं लागेल."

"कसं?"

निरीक्षकांनी पाकिटांकडे बराच वेळ पाहिलं. "ते माझ्यावर सोडा," ते म्हणाले.

त्या महिन्यात बेकऱ्यांच्या जितक्या तपासण्या झाल्या, तितक्या मागच्या दहा वर्षांत झाल्या नव्हत्या. लोखंडाच्या दुकानांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. वरिष्ठांनी निरीक्षकांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. बायकोनं ते कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं.

तीन रविवार काटा शहाण्णववरून हलला नाही.

"अहो, चार चार शेक पिऊन एक ग्रॅम नाही?"

"शरीर आधी परिस्थितीचा अंदाज घेतं," निरीक्षक म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, मधे काही खात तर नाहीत ना? बायको म्हणाली, "छे हो! त्यांचा एक शब्द खोटा निघायचा नाही." निरीक्षक शेजारीच बसले होते. त्यांनी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. आणि मंगळवारी ते गुडघ्यांवर आले.

एक दात म्हणजे एक किलो. चष्मा त्यांनी मुद्दाम घातला नव्हता. एकवीस वर्षांत प्रथमच एखाद्या काट्याच्या तोंडाकडे बघण्याची त्यांना हिंमत होत नव्हती. दात बोटांनीच चाचपून फिरवला आणि काटा कडेला सरकवला. रविवारी बायकोनं वाचलं, "पंचाण्णव!" तिच्या आवाजातला आनंद ऐकून निरीक्षकांना घाम फुटला.

मग दर दोन-तीन आठवड्यांनी एक दात. उगाच हाव नको, असं त्यांनी ठरवलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नव्हती. त्याच काट्यावर बायकोही चढत होती.

"माझंही उतरतंय!" एका सकाळी ती म्हणाली. "तुमचे शेक घुसळून घुसळून असेल."

"असेल," निरीक्षक म्हणाले. दुसरं म्हणणार काय?

तिनं सकाळचं फिरणं बंद केलं. मग सगळे चांगले कपडे शिंप्याकडे नेले आणि माप न देताच दोन दोन बोटं आत घ्यायला सांगितलं. ते घरी आले तेव्हा एकही अंगाला होईना.

"मेल्याची टेप खोटी आहे!" बायको कडाडली. "तुम्ही आत्ता जा आणि तपासा."

शिंपी म्हातारा होता. तीस वर्षं त्याच टेबलामागे उभा होता. त्यानं गळ्यातली टेप काढून निरीक्षकांपुढे ठेवली. निरीक्षकांनी पोलादी पट्टी लावली. टेप शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत बरोबर होती.

घरी येताना त्यांनी तीनदा वाक्य जुळवलं. टेप बरोबर म्हटली तर बायको जाड ठरणार, बायको जाड ठरली तर काटा खोटा ठरणार आणि काटा खोटा ठरला तर सुई.

"टेप जरा आखडली होती," ते दारातच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिंपी आपणहून कपडे न्यायला आला. "साहेबांनी तपासलंय म्हणजे चूक माझीच," तो म्हणाला आणि सगळे कपडे फुकट सैल करून देतो म्हणून गेला. निरीक्षक तोवर आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर उलटा होता. त्या दिवशी त्यांच्या घशाखाली शेक उतरेना. बिस्किटंही उतरेनात. बिस्किटं त्यांनी उतरवली.

बारा आठवडे भरले. दवाखान्यात नवीन काटा आला होता. तो महिन्याभरापूर्वी निरीक्षकांनीच तपासला होता, शून्य तीनदा पाहिलं होतं, वर स्वतःची सही आणि शिक्का होता. सुटकेला वाव म्हणून नव्हता. घरचा काटा ब्याण्णव दाखवत होता. म्हणजे खरे शहाण्णव. निरीक्षकांनी डोळे मिटले आणि फाशीच्या तख्तावर चढावं तसे ते काट्यावर चढले.

"ब्याण्णव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरच्या आकड्याशी तंतोतंत. थोडं हळू झालं, पण ठीक आहे."

बायकोचा चेहरा उजळला. निरीक्षक खाली उतरेनात.

आपण खरे शहाण्णव आणि हा काटा ब्याण्णव दाखवतोय. याचा अर्थ हा काटा चार किलोनं खोटा आहे. आणि त्यावर सही आपली. लपूनछपून बिस्किटं खाणारा नवरा कुठल्याही गल्लीत सापडेल. पण चार किलो खोट्या काट्यावर शिक्का मारणारा निरीक्षक? खात्याच्या इतिहासात असं झालं नव्हतं.

"डॉक्टर," ते काट्यावरूनच म्हणाले, "हा काटा बाद करा. मी चुकीचा शिक्का मारलाय. माझं वजन शहाण्णव आहे. मी घरच्या काट्याची चकती मागे फिरवली होती. मी बिस्किटं खात होतो. बारा आठवडे." मग थोडं थांबून, "केकही."

बायकोच्या चेहऱ्याकडे बघण्याची त्यांची छाती झाली नाही. तिनं विचारलं ते भलतंच.

"किती दात?"

"चार."

"नक्की चारच?"

"चारच गं."

बायको तपासणीच्या पलंगावर टेकली. "अहो, मी चार पुढे फिरवले होते."

"कधी?"

"तुम्ही इथला काटा बाद केलात, त्या संध्याकाळी. ब्याण्णवला तुम्ही कुठं भीक घालत होता? म्हटलं, आकडा शंभराजवळ दिसला तर जरा घाबराल. चकती कशी फिरते ते काटा आणला तेव्हा तुम्हीच दाखवलं होतंत."

"पण मग मी मागे फिरवल्यावर शून्य जागेवर आलं असेल! तुला दिसलं नाही?"

"शून्य बघायची नोकरी तुमची आहे," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी मांडत होत्या. "म्हणजे घरचा काटा सुरुवातीला खोटा होता आणि आता खरा आहे. हाही खरा. वजन तेव्हा ब्याण्णव, आज ब्याण्णव."

"थांबा," बायको एकदम उठली. "मी आकड्यातून मनातल्या मनात चार वजा करत होते. मला वाटलं मी त्रेसष्टवर आले!" तिनं नवऱ्याला बाजूला सारलं आणि काट्यावर चढली.

"सदुसष्ट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुरुवातीला किती होतात?"

"सहासष्ट," बायको म्हणाली. आणि मग अगदी बारीक आवाजात, "शिंपी..."

दोघांनीही जमिनीकडे पाहिलं.

सरासरी साखर साडेदहा निघाली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला नाही. सरळ चिठ्ठी लिहिली. "उद्यापासून इन्सुलिन. साखर ताळ्यावर आली की शेक पुन्हा पहिल्यापासून. नुसते शेक."

परत जाताना दोघं शिंप्याच्या दारात उभे राहिले. आधी कोणी बोलावं यावरून दोघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं.

"तुमची टेप बरोबर होती," शेवटी निरीक्षक म्हणाले.

"ते मला माहीत होतं, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"शिक्का तुमच्याकडे ना," शिंपी म्हणाला आणि पुन्हा शिवायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक बाथरूममध्ये गेले तेव्हा बायको काट्याशेजारी हाताची घडी घालून उभी होती. "आधी शून्य दाखवा," ती म्हणाली. त्यांनी चष्मा घातला, वाकले आणि दाखवलं. मग खाटेवर आडवे झाले, सदरा वर केला, डोळे घट्ट मिटले आणि तिचा डावा हात दाबून धरला.

"सांगून टोच हं. एकदम नको."

"झालं."

"काय झालं?"

"टोचून झालं. हात सोडा माझा."

निरीक्षकांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. ते उठून बसले, वापरलेली सुई मागून घेतली, उजेडात धरली आणि सवयीनं तिच्याशेजारी पोलादी पट्टी लावली.

चार मिलिमीटर होती.