डब्यात हवेशिवाय काय असणार?

“गाडी माझ्यासंगं बोलती! कुठं दुखायलंय ते सांगती मला!” असं व्यंकटनं निर्णा गावच्या पारावर छाती ठोकून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हुमनाबादच्या अलीकडं ती जुनी मोटार नुसती खोकायला लागली, अन् मागून असा काळा धूर निघाला, जणू आत कुणी ओल्या तुराट्या पेटवल्यात!

मागच्या सीटवर त्याची बायको शोभा सारखी घड्याळ बघत होती. आळंदला अकरा पस्तीसचा मुहूर्त, भावाचं लग्न, अन् एकुलती एक करवली इथं रस्त्यावर! त्यात मांडीवरच्या चार महिन्यांच्या राणीचं टोपडं सापडत नव्हतं. आईनं विणलेलं, पांढरंशुभ्र. आई आधी डोकंच बघणार!

“कामून थांबलाव ओ?” तिनं विचारलं.

“थांबलो न्हाई. गाडीला दम खाऊ द्यायलोय!”

व्यंकटनं प्लग काढले. काजळासारखे काळे! नव्या उपरण्यानं पुसून परत बसवले. मग कार्बोरेटरचा स्क्रू पिळला, तशी होती ती घरघरही बंद पडली.

“दृष्ट लागली,” सासूबाई सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी मीठमिरच्या गाडीवरून उतरवल्या. गाडी ढिम्म!

शोभाला राहवेना. “अहो, त्या गोल डब्यात बगा की. राणीचं नाक चोंदलं की ती बी अशीच घुरघुरती.”

“त्यो हवेचा डबा हाय! हवेशिवाय काय असणार त्यात? तू पोरगी सांभाळ!”

साडेआठ वाजले. शेवटी एका लॉरीला दोर बांधून गाडी हुमनाबादला सिद्धलिंगप्पा मिस्त्रीच्या दारात नेली. त्यानं स्क्रू सैल केला, गाडी चालू करून धुराचा वास घेतला.

“पेट्रोल लई, हवा कमी. श्वास कोंडलाय, अण्णा!”

त्यानं डब्याच्या तोंडात पक्कड घातली अन् ओढलं. आधी नाडी आली, मग गोंडा, मग अख्खं टोपडं! तेलानं, धुळीनं काळंकुट्ट!

“कुण्या शहाण्याचं काम हे?” व्यंकट ओरडला.

शोभाला आता कालचं आठवलं. तिन्हीसांजेला लेकराचं कापड उघड्यावर वाळवायचं न्हाई, हे सासूबाईंचंच सांगणं. काल व्यंकट गाडी घेऊन आला, इंजिन चुलीसारखं ऊन होतं. बॉनेटखाली कुणाची नजर जाते? तिथंच टोपडं वाळत ठेवलं, अन् राणी रडली म्हणून धावली, ती विसरलीच. सकाळी गाडी चालू होताच डब्यानं ते आत ओढलं असणार!

“माझंच,” ती पुटपुटली.

मिस्त्रीच्या साबणानं दोनदा धुतलं, तरी काळं ते काळंच! मग आळंदपर्यंत तिनं ते खिडकीबाहेर धरलं, भर उघड्यावर. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत!

अकरा वीसला गाडी मांडवापुढं उभी राहिली, तसं शोभानं ते राणीच्या डोक्यावर चढवलं. आई धावत आली, तिनं आधी डोकंच बघितलं.

“अगं बया, काळं टोपडं? मी तर…”

शोभाची मान खाली गेली.

“…मी तर खुळी, पांढरं विणलं! भर मांडवात दृष्ट लागली असती. लई शहाणी झाली गं माझी लेक!”

“मग!” सुभद्राबाई पदर सावरत पुढं झाल्या. “मीच शिकिवलंय तिला!”