टेलरमास्तरांनी चॅसी कडक केली त्याची हकीकत

अखंडितकीर्ती, कात्रीबहाद्दर, राजमान्य टेलरमास्तर यांनी सेवकास फर्माविले की, आम्ही जुन्या गाडीची चॅसी कडक करोन शर्यतीत फत्ते केली, त्याचा साद्यंत वृत्तांत लिहोन दुकानात आरशाशेजारी लावावा, म्हणजे गिऱ्हाइकांस ट्रायल देता देता आमचा पराक्रम वाचावयास मिळेल. सेवक त्याच दुकानी काजे-बटणे करणारा. आज्ञा शिरसावंद्य मानोन, घडले तैसे लिहितो. काय लिहू नये हे सांगावयाचे मास्तरांकडोन राहिले, तो दोष सेवकाचा नव्हे.

मास्तरांचे श्वशुर म्हणजे मोटार शिकविण्याच्या शाळेचे मालक, अर्ध्या शहरास क्लच शिकविणारे. त्यांस दोन कन्या. थोरली मास्तरांस दिली आणि धाकटी चष्म्याच्या दुकानदारास दिली, आणि मग दोघे साडू एकमेकांस पाण्यात पाहू लागले. वैर येथवर वाढले की मास्तरांस जवळचे दिसेनासे जाहले, सुईत दोरा सेवकाकडोन ओवून घेऊ लागले, परंतु चष्मा म्हणोन लाविला नाही. श्वशुरांनी आपली जुनी गाडी, लांब नाकाची आणि गोल दिव्यांची, थोरल्या जावयाचे हवाली केली, मालकी मात्र आपणाकडेच ठेविली. चष्मेवाल्यांनीही तैसीच गाडी पैदा केली, आणि जुन्या गाड्यांच्या वर्गात, जेथे एका वयाच्या व एका ताकदीच्या गाड्या जोडीने सरळ रस्त्यावर सोडितात, दोघे झुंजू लागले.

गतवर्षी हिरवा दिवा लागताच मास्तरांनी ऐसा ॲक्सिलरेटर दाबिला की तो जोर चॅसीस, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यास, सोसवेना. सांगाडा ओल्या कापडासारखा पिळवटला, एक मागले चाक अधांतरी होऊन गरगरू लागले, आणि मास्तरांकडील दार सताड उघडले. मास्तर एके हाती दार व एके हाती स्टिअरिंग धरोन रस्ता कापीत आले, तोवर चष्मेवाले हेल्मेट काढोन, पाणी पिऊन, केस विंचरीत उभे होते. श्वशुरांनी तेथेच निकाल दिला. "गाडी माझी आहे. पुढच्या वेळी जी गाडी जिंकेल, तिच्याबरोबर ही पण जाईल. दार धरून चालवणाऱ्याकडे मी ठेवणार नाही." मास्तरांचा चेहरा पडला आणि चष्मेवाल्यांनी त्याच सायंकाळी आपल्या गॅरेजात जागा झाडोन ठेविली.

मग मास्तरांनी मसलतीस वेल्डरास बोलाविले. हे गृहस्थ आजवर फाटके आणि खिडक्यांचे गज जोडीत आले होते, परंतु बोलणे ऐसे की ऐकणाऱ्यास वाटावे, पूल यांनीच उभारिले आणि जहाजेही यांनीच. त्यांनी गाडीखाली निजोन तजवीज सांगितली की, खालून फुलीसारख्या दोन लोखंडी पट्ट्या जोडाव्या, आतून नळ्यांचा पिंजरा उभारावा, आणि दोन्ही दारांशी एकेक आडवी नळी घालावी, म्हणजे गाडी पिळवटणार नाही. मास्तरांनी मान डोलाविली. गाडी समपातळीत ठेविली आणि कोपऱ्यापासोन कोपऱ्यापर्यंत दोरा धरोन काटकोन पाहिला. लोखंड तापोन एके अंगास ओढले जाऊ नये म्हणोन टाका एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ऐसे काम चालिले. इतके काम खरोखरच उत्तम जाहले, हे शत्रूनेही कबूल करावे.

परंतु लोखंडाचे वजन वाढले. तेव्हा मास्तरांनी हुकूम केला की शेजारची सीट उपटोन टाकावी. त्या सीटवर बाईसाहेब, म्हणजे मास्तरांचे कुटुंब, आजवर बसत आलेल्या.

"मग मी बसू कुठे?" त्यांनी पुसिले.

"तू धाकटीच्या गाडीतून ये. शर्यतीची गाडी आहे ही, फिरायला जायची नाही."

बाईसाहेबांनी सीटवरील आपली उशी काढोन घेतली. लग्नाआधी वडिलांच्या शाळेत त्याच शिकवीत आणि याच गाडीवर शिकवीत, परंतु गाडी मास्तरांच्या दारी आल्यापासोन त्यांस स्टिअरिंगास हात लावू दिला नव्हता. कारण पुसता मास्तर म्हणत, क्लच नाजूक आहे. सेवकास विचाराल तर नाजूक दुसरेच काही होते.

पुढे दाराची नळी पक्की करावयाचा दिवस आला, आणि या मोहिमेचे सारे भवितव्य त्या दिवशी ठरले. वेल्डर म्हणाले, "मास्तर, एकदा आत बसून दाखवा. पोट कुठवर येतंय ते बघतो, मग टाका मारतो."

पोट हा शब्द मास्तरांस झोंबला. "माप घेणं माझा धंदा आहे. मला माप शिकवतोस? सांगतो ते धर." ऐसे बोलोन त्यांनी कमरेचे जे माप सांगितले ते त्यांच्या लग्नातल्या पँटचे होते. वेल्डरांनी एकवार मापाचा विचार केला, एकवार पोटाकडे पाहिले, आणि शब्द ऐकावा लागल्याच्या रागाने नळी तेथेच जोडोन टाकिली. दोघांपैकी एकाने जरी अक्कल वापरिली असती तरी ही हकीकत लिहावी लागती ना.

आणि नवल ऐसे की, त्याच आठवड्यात मास्तरांनी आपणाकरिता शर्यतीचा लाल सूट बेतिला, तो ट्रायलरूमचा पडदा ओढोन, खरे माप घेऊन. पडद्याआड फीत खरे बोलिली. सेवकाने त्यास बटणे लाविली आहेत, कापड किती खपले ते सेवक जाणतो.

नळ्यांस तांबडा रंग देवविला, तो वाळेना, म्हणोन कोणी आत बसो नये ऐसा खुद्द मास्तरांचाच हुकूम होता. सांगाडा अजून पिळवटतो की काय हे पाहावयास एका कोपऱ्याखाली जॅक लाविला, तो त्या अंगाची पुढली-मागली दोन्ही चाके एकदम उठली आणि दार जागचे हलले नाही. मास्तर हर्षभरित होऊन गाडीभोवती फिरले. मग टो करणाऱ्या ट्रकावर गाडी चढवोन कूच केले, आणि ट्रक त्यांस मैदानी सोडोन माघारा गेला.

शर्यतीच्या तपासनिसाने शिरस्त्याप्रमाणे सांगितले की, चालकाने आत बसावे, दार लावावे, आणि सांगताच आपले आपण बाहेर यावे. मास्तर लाल सूट लेवोन पुढे सरसावले. डावा पाय आत गेला, डोके आत गेले, आणि पोट नळीवर येऊन थबकले. मागोन वेल्डरांनी रेटिले, तो मास्तर आत जाईनात आणि बाहेरही येईनात. शेवटी दोघांनी ओढोन काढिले. मास्तर म्हणाले, "उन्हानं लोखंड फुगलंय." तपासनिसाने आभाळाकडे पाहिले. आभाळ भरोन आले होते. चष्मेवाले गोड आवाजात पुसते जाहले, "साडूभाऊ, गाडी आजच नेऊ की उद्या येऊ?"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले, हे सेवकाने पाहिले, आणि तेवढ्यापुरती त्यांची कीव आली.

तेव्हा बाईसाहेब तपासनिसापाशी गेल्या. "परवाना माझ्याकडे आहे. मी चालवली तर चालेल?"

"शर्यत गाडीची आहे, ताई. सूट आणि हेल्मेट घाला आणि बसा."

मास्तर ओरडिले, "अगं, क्लच नाजूक आहे!"

"माहीत आहे. दोनदा मीच बदलून आणलाय."

मग मास्तरांस टायरांच्या ढिगाआड नेऊन सूट उतरविला. बाईसाहेबांनी बाह्या दुमडिल्या, कंबर ढगळ होती तेथे मास्तरांचीच माप घ्यावयाची फीत गुंडाळोन गाठ मारिली, आणि नळीवरोन सहज आत उतरल्या. सांगताच बाहेर आल्या आणि पुन्हा आत बसल्या. मास्तर बनियनवर उभे राहिले.

हिरवा दिवा लागला. चष्मेवाल्यांची गाडी पिळवटली, चाक उचलले, बॉनेट थडथडू लागले. आमची गाडी मात्र न वाकता, न थरथरता, चारी चाके जमिनीस धरोन सरळ निघाली, दारे मिटलेली, आणि एक गाडीभर पुढे राहोन रेषेपार जाहली. श्वशुर काठी टेकीत आले. म्हणाले, "चॅसी छान कडक केलीत, जावईबापू. गाडी तुमच्याच दारात राहील." मास्तरांची छाती फुगली. तो श्वशुर कन्येकडे बोट करोन पुढे म्हणाले, "किल्ली मात्र हिच्याकडे."

निघतेवेळी मास्तर सवयीने शेजारचे दार उघडोन बसू गेले, तो आत नुसता पत्रा आणि बोल्टांची भोके. बाईसाहेबांनी इंजिन चालू ठेवूनच सांगितले, "अहो, सीट तुम्हीच काढलीत ना? धाकटीच्या गाडीतून या." आणि निघोन गेल्या.

येणेप्रमाणे चॅसी कडक जाहली, गनीम नामोहरम जाहला, गाडी दारी राहिली, आणि विजयी मास्तर बनियनवर, साडूंच्या गाडीत मागल्या बाकावर, दोन जुन्या टायरांच्या मधोमध बसोन घरी आले. हा कागद हुकुमाप्रमाणे आरशाशेजारी लाविला आहे. गिऱ्हाइके वाचितात आणि हसतात, आणि मास्तर ते कौतुक समजोन मान लववितात. त्यांनी स्वतः तो अद्याप वाचिला नाही. वाचावयास चष्मा लागतो, आणि चष्मा साडूंकडे मिळतो.