साखर फ्रान्समध्ये आहे

"अहो, साखर कुठंय?" अरुणाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"फ्रान्समध्ये," दिनानाथराव बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

चहाला आलेले खालच्या मजल्यावरचे मानसिंग निकम दचकले. आत अरुणाबाईंना फ्रान्स काही सापडेना. शेवटी त्यांनी हाती आला तो डबा उघडला आणि दोन चमचे कपात टाकले.

"वैनी," पहिला घोट कसाबसा गिळत मानसिंगराव म्हणाले, "च्या वाईच खारट झालाय."

"रोम पडलं असणार त्यात," दिनानाथराव पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले.

दिनानाथ खांबेटे बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. चाळिशी उलटल्यावर त्यांनी वकील व्हायचं मनावर घेतलं आणि संध्याकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं. बाकीचे पेपर सुटले; 'जगातील कायदेपद्धती आणि त्यांचा उगम' हा एकच पेपर दोनदा उरावर बसला. कुठल्या देशानं कायदा कुणाकडून उचलला, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात राहत नसे. "या खेपेला गेलो, तर पुस्तकं रद्दीत आणि मी निवृत्तीपर्यंत त्याच टेबलावर," असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. तळोज्याच्या कारखान्यात कामगारांच्या तक्रारी बघणारे मानसिंगरावही याच पेपरात अडकले होते, पण ते असल्या शपथा घेत नसत.

देश विसरणाऱ्या या माणसाला घरातला किराणा मात्र तोंडपाठ होता. म्हणून त्यांनी देशांच्या चिठ्ठ्या करून फळीवरच्या डब्यांना खळीनं चिकटवल्या. मीठ म्हणजे रोम, कारण ते युरोपातल्या बहुतेक पातेल्यांत थोडंथोडं पडलेलं. साखर म्हणजे फ्रान्स. तिथे नेपोलियननं १८०४ साली कलम न् कलम दाण्यासारखं सुटं लिहवून घेतलं. लोणच्याची बरणी इंग्लंड, कारण तिथला कायदा कुणी एका बैठकीत लिहिला नाही, तो निकालानिकालांतून मुरत गेला. विरजणाचं भांडं तुर्कस्तान. त्यांनी १९२६ साली कायद्याचं विरजण स्वित्झर्लंडच्या घरून आणून लावलं.

पंधरा दिवसांत सगळं घर तयार झालं. भांडी घासायला येणाऱ्या शकुबाई "बाय, रोम सपलाय, आनाला सांग" म्हणू लागल्या. अरुणाबाईंना तर इलाजच नव्हता. दोन वेळचा स्वयंपाक त्या डब्यांतून काढायचा, तर इतिहास कळल्याशिवाय आमटी होईना.

परीक्षेच्या सकाळी घोटाळा झाला. कुकरची वाफ फळीवर गेली, खळ सुटली आणि चिठ्ठ्या ओट्यावर पडल्या. नवऱ्याला टेन्शन नको म्हणून अरुणाबाईंनी त्या भराभर परत लावल्या, पण त्यांचा एक डोळा उतू जाणाऱ्या दुधावर होता.

दिनानाथराव शेवटच्या उजळणीला आले. बरणीवर फ्रान्स पाहून ते क्षणभर थबकले. पण कागदावर असतं ते खरं आणि आपल्याला आठवतं ते खोटं, ही बावीस वर्षांच्या नोकरीची शिस्त. "तरीच दोनदा गेलो!" असं पुटपुटत त्यांनी ओट्यासमोर उभं राहून निर्धारानं सगळं नव्यानं पाठ केलं आणि देवाला नमस्कार करून ते निघाले.

थोड्या वेळानं शकुबाई आल्या. "बाय, साकरंवर इंग्लंड कनी लावला?"

अरुणाबाईंच्या हातातला झारा खाली पडला. पायांत चपला कशाबशा सरकवून त्यांनी रिक्षा केली आणि नेरूळचं परीक्षा केंद्र गाठलं. शिपाई "ओ ताई, ओ ताई" म्हणेपर्यंत त्या व्हरांड्यातून खिडकीशी पोचल्या होत्या.

"अहो! साखर फ्रान्स! लोणचं इंग्लंड! सकाळचं विसरा!"

दिनानाथरावांनी वर पाहिलं आणि बायकोला ओळखलं. परीक्षेत दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकणं म्हणजे कॉपी, मग ती लग्नाची बायको का असेना. त्यांनी पेन पुसायचं फडकं फाडलं, दोन बोळे कानांत कोंबले आणि ते मान खाली घालून लिहायला लागले.

पर्यवेक्षक धावत बाहेर आले. "बाई, ही सांकेतिक भाषा आहे! त्यांचा पेपर काढून घेतो मी!"

"घ्या ना. पण कशाच्या आधारावर?"

"म्हणजे?"

"फ्रान्सची रीत लावायची तर लिहिलेलं कलम दाखवा. नेपोलियननं सगळा कायदा एका पुस्तकात आणला तो यासाठीच, की साहेबानं मनाला येईल ते करू नये. लोणच्याचं नाव घेऊ नये, असं कुठल्या कलमात आहे?"

पर्यवेक्षकांनी खिशातला नियमांचा कागद चाळला. लोणचं कुठेच नव्हतं. "पण आमच्याकडे असं चालत नाही!"

"मग इंग्लंडची रीत लावा. राजाचे न्यायाधीश गावोगाव फिरले, एकानं दिलेला निकाल पुढच्यानं धरला, त्यातून त्यांचा कायदा झाला. यापूर्वी कुणाची बायको अशी ओरडली होती का? तेव्हा काय निकाल दिलात?"

"छे हो, हे पहिल्यांदाच..."

"म्हणजे आज तुम्ही जो द्याल, तो पुढच्या सगळ्यांना लागू. नीट विचार करून द्या."

एवढी जबाबदारी त्या गृहस्थांवर आजवर कुणी टाकली नव्हती. त्यांनी घाम पुसला, वर्गाकडे पाहिलं. एकही मान वर नव्हती, सगळे मुकाट लिहीत होते. "बाई, तुम्ही घरी जा," ते हात जोडून म्हणाले, "कुणाचाच पेपर काढत नाही मी."

नवऱ्याचं वर्ष वाचवलं, या आनंदात अरुणाबाई परतल्या.

निकालाच्या दिवशी मानसिंगराव पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आले आणि थेट अरुणाबाईंच्या पाया पडले.

"वैनी, पयला प्रश्नच चाळीस मार्कांचा. फ्रान्स आन् इंग्लंडच्या कायद्याचा उगम सांगा, तुलना करा! तुमी व्हरांड्यात बोलत हुता आन् आमी उतरून घेत हुतो. बेचाळिसातले एक्केचाळीस जण सुटलो बगा!"

"मग बेचाळिसावा कोण?" अरुणाबाईंनी विचारलं.

दिनानाथरावांनी गुणपत्रिका पुढे केली. त्यांनी इंग्लंडचा कायदा १८०४ साली एका पुस्तकात लिहवला होता आणि फ्रान्सचा मुरत घातला होता. शंभरात बावीस. अरुणाबाईंना भरून आलं. आपल्याच हातानं लावलेल्या चिठ्ठ्या, आणि या वेड्या माणसानं कान बंद करून त्या प्रामाणिकपणे उत्तरपत्रिकेत उतरवल्या!

आता हे पुस्तकं बांधायला सुतळी मागणार, असं त्यांना वाटलं. दिनानाथरावांनी एक पेढा खाल्ला, मग ते पाणी प्यायले आणि कोरी वही घेऊन ओट्यापाशी मांडी ठोकून बसले.

"अगं, ते राजाचे न्यायाधीश गावोगाव फिरले ना, तिथून सांग," ते म्हणाले. "जरा सावकाश. लिहून घेतो."